दिवा पेटतो, लेझीम होत नाही

बंद पडलेला पंखा फिरत नाही, बंद पडलेला मिक्सर घरघरत नाही, आणि पाणी गेलं की नळ स्वतःच फुरफुरून तसं जाहीर करतो. वायूवर चालणाऱ्या लेझरची तऱ्हा निराळी. तो बंद पडतो तेव्हाही बहुतेकदा पेटलेलाच असतो. काचेची नळी आतून केशरी-गुलाबी उजळलेली, पॉवर सप्लाय बारीक गुणगुणतोय, पुढचा इंडिकेटर लागलेला. घरात सगळे जागे आहेत, पण दार कोणी उघडत नाही. समोरच्या भिंतीवर जो लाल ठिपका पडायला हवा, तेवढा तो नाही. प्रयोगशाळेच्या मराठीत याला ‘लेझिंग होत नाही’ म्हणतात. शाळेत लेझीम खेळलेल्या माणसाला हे वाक्य नुसत्या उच्चारावरून निम्मं कळतं, आणि गंमत म्हणजे ते बरोबरच कळतं. नळीतले अणू प्रकाश टाकतच असतात, पण आपापल्या लयीत आणि वाटेल त्या दिशेला. मैदानावर शंभर पोरं लेझीम घेऊन उभी आहेत, प्रत्येक जण मनाला येईल तसा खुळखुळतोय आणि ढोल अजून सुरू व्हायचाय, असा तो देखावा असतो. आवाज भरपूर, लेझीम शून्य. ढोल सुरू झाला की प्रकाशाचा एक कण ऊर्जा धरून बसलेल्या अणूजवळून जातो, आणि तो अणू त्याच दिशेला, त्याच तालात, त्याच रंगाचा दुसरा कण सोडतो. एकाचे दोन, दोनाचे चार. नळीच्या दोन टोकांना दोन आरसे असतात. त्यांच्यामध्ये ही मिरवणूक येरझाऱ्या घालते, दर खेपेला वाढते, आणि तिचा एक छोटा हिस्सा पुढच्या आरशातून बाहेर पडतो. भिंतीवरचा ठिपका तो हाच.

‘एकाचे दोन’ ऐकून कुणाला चिटफंड आठवेल, पण इथला खरा व्याजदर ऐकला तर पतपेढीचा संचालकही कळवळेल. कॉलेजात असतो तो हेलियम-निऑन लेझर घ्या. फूटभर लांबीची नळी, आत एखाद मिलिमीटर रुंदीचं भोक. प्रकाश या टोकाकडून त्या टोकाकडे गेला की त्याच्यात वाढ होते ती एक-दोन टक्क्यांची, आणि तीही नळीची तब्येत ठणठणीत असेल तर. शंभर रुपये निघाले, एकशे दोन पोचले. त्यातला साधारण एक रुपया पुढच्या आरशातून बाहेर जायचा, कारण त्याचसाठी हा सगळा प्रपंच. उरल्यासुरल्या चिल्लरीत धूळ, डाग, आरशाचा तिरपेपणा, सगळ्यांचं भागवायचं. बोटाचा एक ठसा या चिल्लरीपेक्षा महाग पडतो. बरं, हा धंदा तोट्यात गेला की मंद चालतो असंही नाही. खर्च उत्पन्नाच्या वर गेला की तो थेट कुलूप लावतो. मिरवणूक छोटी होत नाही, निघतच नाही. मला जे म्हणायचं आहे ते सगळं या हिशेबात आहे. ज्या यंत्राची गंगाजळी एक-दोन टक्क्यांची असते, त्याच्यात मुळात झालेला बिघाड पैशांत मोजायचा असतो, आणि दुरुस्तीसाठी पुढे आलेला हात मात्र रुपयांत नुकसान करतो. म्हणून ठिपका गेलेल्या लेझरपुढे पहिली पंधरा मिनिटं हात पाठीमागे बांधून उभं राहावं. लेझर दुरुस्त करण्याचं पहिलं हत्यार डोळे, दुसरं वही, आणि स्क्रू-ड्रायव्हर फार तर सातवं.

हे कुणाला पटत नाही, कारण माणसाचा हात ही मुळातच उतावळी चीज आहे. आजारी माणसाच्या खाटेभोवती जसे पाव्हणे जमतात, तशी बंद लेझरभोवती मंडळी जमतात, आणि प्रत्येकाजवळ एक हमखास उपाय असतो. चष्मा शर्टाच्या टोकाने पुसणारे गृहस्थ आरसा पुसायला सरसावतात. शर्टाच्या टोकात सकाळपासूनच्या बसप्रवासाचा इतिहास साठलेला असतो, आणि लेझरच्या आरशावर एकावर एक चढवलेले पातळ थर असतात, हे दोन तपशील त्यांच्या गावी नसतात. काही नळ्यांच्या टोकांना काचेच्या तिरप्या खिडक्या असतात. ब्रूस्टर नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञाने शोधलेल्या कोनात, काचेसाठी तो सुमारे ५६ अंश भरतो, त्या बसवलेल्या असतात, म्हणजे एका प्रकारचा प्रकाश परावर्तनात काहीही न गमावता आरपार जावा. या खिडक्या साफ करायची रीत अशी: लेन्सचा खास कागद घ्यायचा, त्यावर शुद्ध मेथेनॉलचा किंवा ॲसिटोनचा एक थेंब टाकायचा, तो कागद काचेवरून एकदाच, दाब न देता, ओढून न्यायचा आणि फेकून द्यायचा. एक ओढ, एक कागद. ज्या संस्कृतीत एक फडकं ओटा, गॅस, फ्रिजचा दरवाजा आणि शेवटी देव्हाऱ्याची चौकट अशी चढत्या क्रमाने सेवा करतं, तिथे ही रीत उधळपट्टीची वाटणं साहजिक आहे.

फडकेवाल्यांपेक्षा धोकादायक पंथ स्क्रूवाल्यांचा. ज्या लेझरचे आरसे नळीबाहेर असतात, त्यांत प्रत्येक आरशाला आडवं आणि उभं झुकवणारे दोन स्क्रू असतात. म्हणजे एकूण चार. आरसे एकमेकांना इतके समांतर लागतात की अंशाचे साठ भाग केले तर त्यातल्या थोड्याशाच भागांचा तिरपेपणा खपतो. आता समजा, प्रत्येक स्क्रूच्या शंभर जागा आहेत आणि त्यातली एकच बरोबर आहे. एक स्क्रू हलला असेल तर शंभर जागा तपासाव्या लागतील, चहा थंड व्हायच्या आत काम होईल. दोन हलले तर दहा हजार. चारही हलले की दहा कोटी. दर सेकंदाला एक जागा तपासली तरी तीन वर्षांहून जास्त लागतील, आणि तेही रात्री न झोपता. (व्यवहारात याहून हुशार युक्त्या आहेत: एक स्क्रू सावकाश पुढे न्यायचा आणि दर पावलाला दुसरा भराभर मागेपुढे झुलवायचा. किंवा दुसऱ्या, चालू लेझरचा किरण या नळीतून घालून आरसे जुळवायचे. लेझर दुरुस्त करायला लेझर लागतो, हे वधू शोधण्यासाठी आधी लग्न झालेलं असावं अशी अट घालण्यासारखं आहे, पण आहे.) ठिपका गेल्यावर पहिल्या मिनिटात जो माणूस चारही स्क्रू थोडे थोडे ‘बघतो’, तो एका बिघाडाचे पाच करतो, आणि त्यातल्या चारांवर सही त्याची असते. आजकालच्या छोट्या नळ्यांत आरसे नळीच्या टोकांना कायमचे बसवलेले असतात, फिरवायला काही नसतं. या नळ्या जास्त टिकतात. त्याचं श्रेय काचकामाला देतात. मी निम्मं श्रेय स्क्रू नसण्याला देईन.

हात बांधून उभं राहिल्यावर डोळ्यांना काय दिसतं? बरंच काही. नळी मुळीच पेटत नसेल तर प्रश्न विजेचा आहे, प्रकाशशास्त्राची पुस्तकं मिटून ठेवावीत. ट्यूबलाइटसारखी फडफडत असेल तर ती पेटते आहे पण टिकत नाही. अशी नळी पेटायला आठ-दहा हजार व्होल्टचा धक्का लागतो आणि पेटल्यावर दीड-दोन हजारांत भागतं. धक्का मिळतोय, पण पुढची खानावळ चालत नाही, असा त्याचा अर्थ. इथे स्टार्टर बदलण्याचा सल्ला मिळतो. या यंत्रात ट्यूबलाइटचा स्टार्टर नसतो, पण सल्ला देणाऱ्याला तेवढ्याने थांबवता येत नाही. आणि नळी शांतपणे पेटलेली असेल तर रंग बघावा. निरोगी नळीचा रंग पिकल्या पपईच्या गराचा असतो, केशरीत थोडी गुलाबी झाक. तो जांभळट-निळसर दिसायला लागला तर आत हवा शिरली आहे, आणि मग जगातला कुठलाही स्क्रू ती बाहेर काढू शकत नाही. काही नळ्यांत काचेच्या आतल्या बाजूला बेरियमचा एक चकचकीत डाग दिसतो. त्याला गेटर म्हणतात, आणि त्याचं काम पोलीस पाटलाचं: आत शिरलेला परका वायू धरायचा आणि बांधून ठेवायचा. डाग चकचकीत आहे तोवर गावात शांतता आहे. तो दुधासारखा पांढरा पडला म्हणजे पाटील कामी आले. ही सगळी माहिती नळी स्वतःच्या अंगावर घालून बसलेली असते. ती वाचायला मीटर लागत नाही, पदवी लागत नाही, नुसतं वाकून पाहावं लागतं. आणि नेमकं तेवढंच कोणी करत नाही, कारण पाहणाऱ्या माणसाला लोक रिकामा समजतात आणि स्क्रू फिरवणाऱ्याला तज्ज्ञ.

एक आजार तर असा आहे की तो आपल्या सद्गुणांमुळे बळावतो. हेलियमचा अणू इतका बारीक आणि इतका अलिप्त असतो की काचेतूनही तो हळूहळू झिरपतो, आणि इपॉक्सीने जोडलेल्या जुन्या नळ्यांच्या सांध्यांतून तर जास्तच. बाहेरच्या हवेत हेलियम नावापुरता, दहा लाखांत पाच भाग. आत तो गर्दी करून असतो. गर्दीतून मोकळ्या जागेकडे जाणं हे लोकलमधल्या माणसांना कळतं तसंच अणूंनाही कळतं. हे झिरपणं लेझर चालू असो वा नसो, होतच राहतं. आता आपल्याकडची महागड्या वस्तूची रीत आठवा. ती मूळ थर्माकोलमध्ये, मूळ खोक्यात, स्टीलच्या कपाटात, किल्ली एकाच माणसाकडे. वर्षातून एकदा प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेर काढायची. बाहेरच्या परीक्षकांसमोर तिने लेझिंग नाकारलं की सगळ्यांचा एकच आक्रोश: ‘अहो, वापरलासुद्धा नव्हता!’ बिचारा खरंच वापरला नव्हता. अशा जुन्या नळीला अधूनमधून तासभर पेटवत राहिलं तर आत शिरलेला कचरा थोडाफार साफ होत राहतो. कपाटात तो साठत जातो. लोणचं मुरतं म्हणून सगळंच मुरवू नये. हेलियम गेल्याच्या दुखण्यावर एक उपचार मात्र खरोखर आहे, आणि तो आजीच्या बटव्यात शोभेल असा आहे. नळी बंद करून हेलियमने भरलेल्या पिशवीत ठेवून द्यायची. नळीच्या आत एकूण दाब दोन-तीन टॉर, बाहेर हेलियम वातावरणाइतक्या, म्हणजे ७६० टॉर दाबाचा. ज्या वाटेने तो गेला त्याच वाटेने काहीशे पट जोराने परत येतो. वर्षभरात गेलेलं एखाद-दोन दिवसांत भरून निघतं. फुगे फुगवायचा वायू रुग्णाला चालतो. पण पिशवीत नळी विसरून गावाला जाऊ नये. हेलियम फाजील झाला तरी लेझिंग बंद पडतं, आणि मग बाहेर काढून वाट बघत बसावं लागतं.

हेलियमवाचून एवढं अडतं का, असं कोणी विचारेल. लाल प्रकाश तर निऑन देतो. तिथेच या यंत्राचं सामाजिक अंग आहे. नळीत एका निऑनमागे पाच ते दहा हेलियम असतात. वीज धावते तेव्हा इलेक्ट्रॉनांचे धक्के खातो मुख्यतः हेलियम. मिळालेली २०.६१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा तो खिशात धरून हिंडतो, आणि निऑनशी टक्कर झाली की सगळीच्या सगळी त्याच्या हवाली करतो. निऑनला हवी असते २०.६६. वरचे पाच पैसे अंगच्या धावपळीतून भरून निघतात. मग निऑन ६३२.८ नॅनोमीटरचा तो सुप्रसिद्ध लाल प्रकाश देतो आणि टाळ्या घेतो. दहा कार्यकर्ते, एक नेता. कार्यकर्ते सोडून गेले की नेता नळीत एकटाच लालबुंद होऊन बसतो, नुसत्या दुकानाच्या पाटीसारखा. एवढ्यावरही निऑनचं काम संपत नाही. प्रकाश दिल्यानंतर तो अर्धवट उंचीवर अडकतो, आणि खाली येण्यासाठी त्याला नळीच्या आतल्या भिंतीला आपटावं लागतं. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने खांबाला हात लावावा तसं. भिंत जवळ हवी म्हणून भोक बारीक. नळी रुंद केली तर जास्त प्रकाश मिळेल, हा पाइपाच्या अनुभवावरून काढलेला निष्कर्ष इथे साफ खोटा पडतो.

याच कारणाने तिसरा पंथ, करंट वाढवणाऱ्यांचा, सगळ्यात मजेशीर तोंडघशी पडतो. पंखा हळू फिरतो तर रेग्युलेटर वाढवा, पंप पाणी ओढत नाही तर मोठी मोटर लावा, पोरगं अभ्यास करत नाही तर दुसरी शिकवणी लावा, ही आपली विचारसरणी. हेलियम-निऑन नळीला पाच-सहा मिलिअँपिअर पुरतात. त्यापुढे करंट वाढवला की आधी प्रकाश थोडा वाढतो, मग थबकतो, आणि मग चक्क कमी होत जातो. जास्तीचे इलेक्ट्रॉन हेलियमच्या खिशातली ऊर्जा निऑनपर्यंत पोचायच्या आधीच काढून घेतात, आणि भिंतीपाशी निऑनांची रांग तुंबते. नळी आणखी तेजस्वी दिसते, ठिपका मात्र विझतो. एरवीसुद्धा या यंत्राची कार्यक्षमता सरकारी योजनेला सांत्वन वाटावी अशीच आहे: नळीत सात-आठ वॅट जातात आणि बाहेर येतो साधारण एक मिलिवॅट. सात-आठ हजार रुपये मंजूर, एक रुपया लाभार्थ्याच्या हाती. तरीही तो एक रुपया सरळ रेषेत, ठरलेल्या रंगात, शेवटपर्यंत पोचतो, हे मात्र मान्य केलं पाहिजे.

कॉलेज सोडून कारखान्यात गेलं की उतावळेपणाची दिशा बदलते, उतावळेपणा तोच राहतो. लग्नपत्रिकांवर जाळी कापणारे, गणपतीची एमडीएफची मखरं कोरणारे जे लेझर आता गल्लोगल्ली आहेत, त्यांतले पुष्कळसे कार्बन डायऑक्साइड वायूवर चालतात. हा लेझर १९६४ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी बनवला. पटेलांचा जन्म बारामतीचा, १९३८ सालचा, आणि शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. बारामतीने देशाला काय दिलं यावर आपल्याकडे जितकी चर्चा होते, तिच्यात या वायूचा उल्लेख फारसा येत नाही. याची किरणं १०.६ मायक्रॉनची, डोळ्यांना मुळीच न दिसणारी, त्यामुळे ‘लेझर मारत नाही’ हे कापडाच्या, कागदाच्या किंवा बोटाच्या अनुभवावरूनच कळतं. आणि ते कळताच दुकानात जो निदान-शब्द उमटतो तो एकच: ‘ट्यूब गेली.’ कॉलेजात फुकटचा स्क्रू म्हणून तो आधी फिरवतात. दुकानात ट्यूब महाग, बदलली की काहीतरी भरीव केल्यासारखं वाटतं, म्हणून तिला आधी मृत घोषित करतात. पाहणं दोघांनीही टाळलेलं असतं. खरं तर ट्यूबपासून लाकडापर्यंत किरणाच्या वाटेत आरसे आहेत, शेवटी पिवळसर झिंक सेलेनाइडचं भिंग आहे, आणि एमडीएफ जळताना उठणारा चिकट धूर या सगळ्यांवर रोज बसतो. वर झाकणाचा स्विच आहे, पाण्याच्या प्रवाहाचा सेन्सर आहे. यांतला एक जरी रुसला तरी यंत्र किरण सोडत नाही, आणि न सोडण्यात त्याचा शहाणपणा असतो. म्हणून तपासणी गंगोत्रीपासून करावी: ट्यूबच्या तोंडाशी मास्किंग टेपचा तुकडा लावून एक क्षणभर किरण सोडावा. डाग पडला तर ट्यूब जिवंत आहे, मग पहिला आरसा, दुसरा आरसा, असं टेप लावत खाली यावं. जिथे डाग पडायचा थांबला, त्याच्या आधीच्या टप्प्यावर आरोपी बसलेला आहे. तपासाचा एकूण खर्च: वीतभर टेप.

या ट्यूबला पाणी लागतं, आणि पाण्याबद्दल आपण सगळेच तज्ज्ञ. विदर्भात मे महिन्यात बादलीतलं पाणी चहाच्या वाटेवर असतं. वायू तापला की कार्बन डायऑक्साइडचे रेणू आधीच खालच्या पायरीवर गर्दी करून बसतात, वरून उतरणाऱ्यांना जागा राहत नाही, आणि किरण बसतो. दुपारी मेलेली ट्यूब संध्याकाळी आपोआप जिवंत होते, तेव्हा या चमत्काराचं श्रेय दुपारी मारलेल्या थापडेला किंवा दाराला बांधलेल्या लिंबू-मिरचीला मिळतं. बोअरचं क्षारयुक्त पाणी घातलं तर काचेवर पुटं चढतात आणि विजेला नको ती वाट मिळते. डिस्टिल्ड पाणी घातलं तर चार पैसे जातात. काय निवडलं जातं हे सांगायला नको.

आता आक्षेप. पहिला इतिहासाचा, आणि तो वजनदार आहे. जगातला पहिला वायू-लेझर, अली जावान, विल्यम बेनेट आणि डोनाल्ड हेरियट यांचा, १२ डिसेंबर १९६० रोजी चालला, आणि त्याचे आरसे जुळवतजुळवतच तो चालला. म्हणजे पहिलं यशसुद्धा स्क्रूचंच, मग आम्हाला का अडवता? उत्तर सोपं आहे. नळीतल्या वायूत प्रकाश वाढतो, आणि तो एखाद-दीड टक्काच वाढतो, हे त्या मंडळींनी आधी मोजून ठेवलं होतं. एवढ्या वाढीला पुरतील असे आरसे निवडूनच ते स्क्रूपाशी आले होते. शिवाय त्यांचा प्रकाश अवरक्त, न दिसणारा. ओळखीचा लाल ठिपका १९६२ साली ॲलन व्हाइट आणि डेन रिग्डेन यांनी काढला. न दिसणाऱ्या ठिपक्यासाठी त्यांनी जी तयारी केली, ती दिसणाऱ्या ठिपक्यासाठी आपण करू नये, हा न्याय कुठला? दुसरा आक्षेप अनुभवाचा: टीव्हीला थापड मारली की चालायचा, तसं लेझरला टिचकी मारून चालल्याचं लोकांनी पाहिलं आहे. पाहिलं असेल. सैल जोडणी टिचकीने जागेवर येते, यात वाद नाही. पण मग दोष जोडणीत होता हे टिचकीने सिद्ध केलं, लेझर टिचकीने दुरुस्त होतो हे नव्हे. तो सांधा पाहिला नाही, तर उद्या पुन्हा टिचकी, परवा थोडी जोरात, आणि तेरवा काचेचे तुकडे.

तिसरा आक्षेप बाजाराचा. स्वस्तात लेझर पेन मिळतो, मग या नळीची शुश्रूषा कशाला? पेनचा ठिपका लाल असतो हे खरं, पण तालात तो कच्चा असतो. त्याची लेझीम लवकर फिसकटते. हेलियम-निऑनची मिरवणूक निदान वीतभर, चांगली नळी असेल तर त्याहूनही लांब, एका तालात चालते, म्हणून होलोग्राम काढायला आणि अंतराचा सूक्ष्म फरक मोजायला तिची आठवण होते. शिवाय पेन बंद पडला की सेल बदलायचा, नाहीतर फेकायचा, त्यात विचाराला वावच नाही. शेवटचा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो मला अर्धा मान्य आहे: हात लावल्याशिवाय शिकायचं कसं? लावा. पण एका वेळी एकच गोष्ट हलवा, हलवण्याआधी तिची जागा पेन्सिलने खुणवा, वहीत लिहा, आणि उपयोग झाला नाही तर ती मूळ जागी आणूनच पुढच्या गोष्टीकडे वळा. स्वयंपाकात भाजी अळणी लागली म्हणून मीठ, तिखट, गूळ आणि आमसूल एकदम घालणारी सुगरण आपण ऐकलेली नाही. पोरांना मोडतोड करायची हौस असेल तर जांभळी पडलेली मेलेली नळी त्यांच्या हवाली करावी, अर्थात वीज न लावता.

विजेचा विषय निघाला आहे तर तेवढं विनोद बाजूला ठेवून. लेझरच्या पॉवर सप्लायमध्ये स्विच बंद केल्यावरही काही काळ वीज साठून राहते. कार्बन डायऑक्साइडच्या ट्यूबला वीस हजार व्होल्टच्या आसपास पुरवणारा सप्लाय माणूस मारू शकतो, आणि त्याचा न दिसणारा किरण डोळा जाळताना आधी सूचना देत नाही. झाकण उघडं ठेवून, झाकणाच्या स्विचला तार बांधून आत डोकावणारा कारागीर धाडसी नसतो. तो फक्त अजून सुदैवी असतो. पाहायचं ते वीज काढून, नाहीतर झाकण लावून आणि योग्य चष्मा घालून.

एवढं सगळं पाहून झालं, रंग पपईचा आहे, गेटर चकचकीत आहे, खिडक्या स्वच्छ आहेत, स्क्रूंना कोणी हात लावलेला नाही, आणि तरीही भिंतीवर ठिपका नसेल, तर एक करा. बऱ्याच लेझरांच्या पुढच्या तोंडावर एक छोटं सरकतं झाकण असतं, त्याला शटर म्हणतात. ते उघडं आहे का बघा.